सुटीहून परतलेले सोबती

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडते, आणि पहिले चार-पांच दिवस वर्गांत पाठ्यपुस्तकांपेक्षां सुटीचीच चर्चा अधिक चालते. कोण कोठें गेला होता, किती दिवस राहिला, वाटेंत काय पाहिलें, मामाच्या घरीं काय खाल्लें, गाडी किती तास उशिरा पोंचली. मधल्या सुटींत डबे उघडतात आणि त्यांबरोबर हे विषयही उघडतात. शिक्षकही या दिवसांत फारसे रागें भरत नाहींत. बाहेरून ऐकणारास या गप्पा पोरकट वाटतील. परंतु आम्हीं त्या दोन-तीन वर्षें लक्ष देऊन ऐकल्या, तेव्हां आमच्या भिवंडी शहराचा बराचसा इतिहास आणि भूगोल त्यांत भरलेला आहे असें ध्यानांत आलें. तो कसा, हें येथें सांगण्याचा विचार आहे. देशाटनानें मनुष्यास चातुर्य येतें अशा अर्थाचें जें पद्य अशा निबंधाच्या आरंभीं लिहिण्याची वहिवाट आहे, तें आम्ही वगळीत आहों. चातुर्य आलें कीं नाहीं हें प्रवाशानें स्वतःच ठरवूं नये.

प्रथम शब्दांकडे पाहूं. "सुटींत कोठें गेला होतास रे?" या एकाच प्रश्नास आमच्या वर्गांत चार निरनिराळीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, "मुलुकांत गेलों होतों." कोणी म्हणतो, "गांवीं गेलों होतों." कोणी म्हणतो, "फिरायला गेलों होतों." आणि शेवटच्या बाकावरचा एखादा हळूच म्हणतो, "कोठें नाहीं." शब्दकोश पाहिला तर मुलूख आणि गांव यांत कोणी फारसें अंतर मानणार नाहीं, भिवंडींत मात्र तें आहे. मुलूख म्हणणाराचें घर हजार-दीड हजार किलोमीटर दूर असतें, गांव म्हणणाराचें एका रात्रीच्या वाटेवर. फिरायला जाणारा तो, कीं ज्यास जेथें जावयाचें तेथें आपलें असें कोणीच नसतें. चौथ्याविषयीं पुढें सांगूं.

मुलुकास जाणारांपासून आरंभ करणें बरें, कारण आमच्या शहरांत त्यांची संख्या मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, विशेषतः १८५७ च्या धामधुमीनंतर, उत्तर हिंदुस्थानांतील विणकरांचीं कुटुंबें दक्षिणेकडे उतरलीं आणि मालेगांव, भिवंडी अशा ठिकाणीं माग टाकून राहिलीं. विसाव्या शतकांत हातमागांच्या जागीं यंत्रमाग आले, त्यांची संख्या वाढत गेली, आणि आझमगढ, मऊ, गोरखपूर या बाजूंची माणसें कामासाठीं येतच राहिलीं. जे पूर्वीं आले त्यांचीं नातवंडें आतां मराठी शाळांतही दिसतात. जे मागाहून आले त्यांचीं कुटुंबें अर्धीं येथें आणि अर्धीं तेथें. या घरांतील मुलांची सुटी म्हणजे वर्षाकाठीं एकदां आजी-आजोबांस तोंड दाखविणें होय. तींत देखावे पाहण्याचा हेतु मुळींच नसतो. तरीही वाटेंत जें दिसतें तें पैसे खर्चून पाहावयास जाणारासही क्वचितच दिसत असेल.

आमच्या एका सोबत्यानें गेल्या वर्षीं या वाटेचें जें वर्णन केलें तें येथें थोडक्यांत देतों. आमच्या शहरास आगगाडीचें स्टेशन आहे. वसई आणि दिवा यांस जोडणाऱ्या मार्गावर तें असून त्याचें नांव भिवंडी रोड असें आहे. परंतु लांब पल्ल्याच्या प्रवासास निघालेलें कुटुंब बहुधा सामानसुमान घेऊन खाडीपलीकडे कल्याणास जातें आणि तेथें गाडी धरतें. या सोबत्याची गाडी गोदान एक्सप्रेस होती. हें नांव मुन्शी प्रेमचंद यांच्या १९३६ सालच्या कादंबरीवरून ठेवलेलें आहे. त्या कादंबरींतील शेतकऱ्याचा मुलगा गोबर हा गांव सोडून मजुरीसाठीं लखनौ शहरीं जातो. गाडींत बसलेल्या शेंकडों माणसांची कथा याहून फारशी निराळी नसावी, आणि नांव ठेवणाराच्या मनांत हें असो वा नसो, तें नांव त्या गाडीस शोभून दिसतें खरें.

"खिडकी मिळाली होती का रे?" आम्हीं विचारलें.

"मिळाली कसली! धाकट्या भावाशीं भांडून घेतली," तो म्हणाला, "पण कसाऱ्यास सगळेच खिडकीशीं आले."

कसाऱ्यास गाडी थांबते तें घाट चढण्याच्या तयारीसाठीं. बहुतेक गाड्यांस तेथें मागच्या बाजूनें जादा इंजिनें जोडतात आणि तीं गाडीस मागून रेटीत इगतपुरीपर्यंत नेतात. घाटाचा चढ सदतिसास एक असा आहे, म्हणजे सदतीस पावलें पुढें जावें तेव्हां एक पाऊल वर चढावें असें त्याचें प्रमाण. पायीं चालणारास हा चढ कांहींच वाटणार नाहीं. परंतु लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचें चाक फिरतें, त्याची पकड थोडी. म्हणून रस्त्यावरच्या गाडीस जो चढ सहज जमतो तो आगगाडीस जमत नाहीं. सुमारें १५ किलोमीटर अंतरांत सुमारें ३०० मीटर उंची गांठावयाची, एवढें हें काम आहे. हा थळ घाटाचा मार्ग १८६५ सालीं खुला झाला. मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, पुढच्या वर्षीं ती कल्याणास आली, आणि तेथें रुळांस दोन फांटे फुटून एक पुण्याच्या अंगास व एक नाशिकच्या अंगास गेला. भिवंडी दोहोंच्याही बाहेर राहिली. पूर्वीं कल्याण आणि भिवंडी हीं नांवें जोडीनें घेत. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं हीं दोन्ही शहरें एकाच वेळीं घेतलीं. दोहोंनाही खाडीचें बंदर होतें. रूळ एकीकडून गेले आणि जोडी फुटली. आमच्या लोकांस आजही गाडी धरण्यासाठीं कल्याणास जावें लागतें याचें मूळ इतकें मागें आहे.

त्या सोबत्याच्या बोलण्यांत आणखी एक गोष्ट आली, ती आम्हांस फार आवडली. त्यास नद्यांचा छंद. कोणती नदी केव्हां लागली हें त्यानें वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलें होतें. आम्हीं तें पान आणि नकाशा समोरासमोर ठेवून पाहिलीं. घाट चढून गेल्यावर पाण्याची दिशा बदलते. कसाऱ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस आमच्या खाडींतून पश्चिम समुद्रास मिळतो. इगतपुरीच्या पलीकडे पडलेला गोदावरींत शिरून सारें पठार ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. भुसावळ सोडल्यावर तापी लागते, ती पुनः पश्चिमेकडे वाहणारी. जबलपुराच्या अलीकडे नर्मदा, तीही पश्चिमवाहिनी. त्यानंतर कटनी, सतना या बाजूस गाडी येते तेव्हां सारें पाणी गंगेच्या खोऱ्याचें झालेलें असतें. नैनीच्या पुलावरून यमुना ओलांडून जाणारी गाडी ज्या पुलावरून जाते तोही १८६५ सालचाच, थळ घाटाचा समवयस्क. सुमारें दीड दिवसाच्या वाटेंत हिंदुस्थानच्या पाण्याचे विभाग असे एकामागून एक ओलांडले जातात. भूगोलाच्या पुस्तकांत हें एका परिच्छेदांत असतें आणि परीक्षेंत दोन गुणांस येतें. धाकट्या भावाशीं भांडून खिडकी मिळविणाऱ्या मुलास तें जन्मभर राहील.

उन्हाळ्याच्या गर्दींत खिडकी तर काय, उभें राहण्यापुरती जागा मिळणेंही कठीण असतें हें सांगितलें पाहिजे. ज्यांचीं तिकिटें वेळीं मिळालीं नाहींत त्यांचीं कुटुंबें सामान्य डब्यांत शिरतात. दाराजवळ पत्र्याची पेटी ठेवून तिजवर आळीपाळीनें बसत, पाणी जपून पीत, रात्रभर जागत तीं जातात. या प्रवासाचें वर्णन करावयास मुलें लाजतात. एकानें आम्हांस नुसतें, "गर्दी होती," एवढेंच सांगितलें. पुढें पुष्कळ दिवसांनीं दुसऱ्याच कांहीं बोलण्यांत त्याच्या तोंडून निघून गेलें कीं, आईनें त्या प्रवासांत सव्वीस तास कांहीं खाल्लें नव्हतें, कारण एकदां उठली तर जागा गेली असती. प्रवासाच्या गप्पांत जें प्रथम सांगितलें जातें त्याहून जें मागाहून निघतें तें पुष्कळदां अधिक मोलाचें असतें. ऐकणारानें घाई करूं नये.

आतां तेलंगणाची वाट. भिवंडींत पद्मशाली समाजाचीं तेलुगुभाषी कुटुंबें पुष्कळ आहेत. तींही मूळचीं विणकरांचींच, करीमनगर, वरंगळ या बाजूंचीं. त्यांची गाडीही कल्याणाहून कसारा घाट चढते, मनमाडास मुख्य वाट सोडते आणि औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर), नांदेड, निजामाबाद अशी गोदावरीच्या खोऱ्यानें खालीं जाते. या वाटेनें जाणाऱ्या एका सोबत्यास आम्हीं विचारलें, "आजोळीं गेल्यावर पहिलें काय वेगळें वाटतें?" तो थोडा विचार करून म्हणाला, "कांहीं नाहीं. तेथेंही मागच वाजतात." त्याचें आजोळ सिरसिल्ला येथें. तें गांव यंत्रमागाविषयीं प्रसिद्ध आहे. मऊ येथें जाणारा मुलगाही हेंच सांगतो, तेथें साड्या विणल्या जातात. म्हणजे हीं मुलें मागाच्या आवाजांतून निघतात, दीड दिवस गाडीचा खडखडाट ऐकतात आणि पुनः मागाच्या आवाजांत पोंचतात. नकाशावर भिवंडी, मालेगांव, मऊ, सिरसिल्ला हे बिंदु एकमेकांपासून फार दूर दिसतात; मुलांच्या बोलण्यांत ते एकाच गल्लींतील घरांसारखे आहेत.

कोंकणांत जाणाऱ्या सोबत्यांचें बोलणें आणखी निराळें. त्यांत बोगदे, आंबे आणि विहिरीचें पाणी हे तीन विषय हमखास येतात. यांपैकीं बोगद्यांचा विषय नवा आहे. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांचा कोंकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्णपणें खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा त्यांत सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटर. मुलें तो एका श्वासांत पार करण्याची पैज लावतात. अर्थात् कोणीच जिंकत नाहीं. यांच्या आजोबांस विचारलें तर ते बोटीच्या गोष्टी सांगतात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या बोटी किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस जात, आणि पडावांतून उतरून माणसें गुडघाभर पाण्यांतून गांवीं पोंचत. १७ जुलै १९४७ रोजीं रामदास नांवाची बोट रेवसकडे जातांना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्याच्या दिवसास त्या वेळीं महिनाही उरला नव्हता. जुन्या माणसांच्या बोलण्यांत ही बोट अजून येते. तिच्याविषयीं बोलतांना ते आवाज उतरवितात.

एस्. टी.चा उल्लेख केला नाहीं तर कोंकणवाले रागावतील. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही पहिली गाडी धांवली, आणि पुढें थोड्याच वर्षांत आगगाडी जेथें कधीं जाणार नव्हती तेथें लाल गाड्या जाऊं लागल्या. या गाडींत मळमळणें आणि न मळमळणें यावरून मुलांत मोठा मान-अपमान असतो.

आमच्या तालुक्यांतील आगरी सोबत्यांचें उत्तर कधीं कधीं "एकवीरेला" असें येतें. चैत्रांत कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा भरते, तेव्हां खाडीकांठचीं गांवेंच्या गांवें तिकडे लोटतात. वाट कर्जतवरून बोर घाटानें. हा घाट १८६३ सालीं खुला झाला. त्याचा ठेका घेणारे सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं तो ठेका आपल्या नांवावर पुढें चालवून काम तडीस नेलें. हजारों मजूर या कामांत पटकीनें आणि अपघातानें मेले. त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. नांवें लिहिलेलीं आहेत तीं त्याहून फार जुन्या प्रवाशांचीं. एकवीरेच्या देवळास लागूनच कार्ल्याचें चैत्य आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं वैजयंती, म्हणजे कर्नाटकांतील बनवासी, येथील भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें लेणें पुरें केलें, आणि साऱ्या जंबुद्वीपांत हें उत्तम असा अभिमानाचा लेख तेथें कोरविला. आपल्या खर्चाची आणि आपल्या गांवाची नोंद करून ठेवण्याची हौस प्रवाशास तेव्हांपासून आहे. कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचीं नांवें आढळतात. आतां जीं मुलें त्याच भिंतींवर खिळ्यानें आपलें नांव कोरतात त्यांस हा दाखला देऊन समर्थन करतां येणार नाहीं, कारण भूतपालानें आधीं लेण्याचा खर्च केला होता.

फिरायला जाणारे सोबती आमच्यांत थोडे, परंतु बोलतात पुष्कळ. माथेरान, महाबळेश्वर, गोवें हीं त्यांचीं स्थळें. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. उन्हाळ्यांत घर सोडून थंड हवेच्या ठिकाणीं कुटुंबासह राहावयास जाणें ही चाल आमच्याकडे जुनी नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांस येथला उन्हाळा सोसेना, म्हणून त्यांनीं डोंगर शोधले. गव्हर्नर माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविलें, आणि पुढें तें मुंबई सरकारचें उन्हाळ्याचें ठाणें झालें. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालीं माथेरानचा डोंगर चढून गेले. १९०७ सालीं आदमजी पीरभाय यांच्या कुटुंबाच्या खर्चानें नेरळाहून दोन फूट रुंदीच्या रुळावर छोटी गाडी सुरू झाली. सुमारें २० किलोमीटरांची ही वाट ती इतकीं वळणें घेत चढते कीं, मागच्या डब्यांतल्यास पुढचे इंजिन आपल्याकडे येत आहे असें वाटतें. वर मोटारींस मज्जाव आहे. न्यायालयें आणि शाळा यांस उन्हाळ्याची लांब सुटी देण्याची वहिवाटही त्याच अमदानीची. साहेबांची गरज वकिलांची हौस झाली, वकिलांची हौस पुढें सर्वांची. आणि आतां न जाणारास कमीपणा वाटूं लागला आहे.

त्यापूर्वीं आमचीं माणसें प्रवास करीत नव्हतीं काय? करीत होतीं, आणि फार करीत होतीं. परंतु त्यास कारण लागे. यात्रा, व्यापार, नोकरी, लग्न, कर्ज. यांतील शेवटच्या कारणानें निघालेल्या एका प्रवाशाचें पुस्तक मराठींत आहे, आणि तें ज्यानें वाचलें नसेल त्यानें अवश्य वाचावें. पेणेजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे यांच्या घरावर कर्ज झालें होतें. उत्तरेकडे मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, असें ऐकून १८५७ च्या वसंतांत ते आपल्या चुलत्यांबरोबर निघाले. वाटेंत बंड उसळलें. झांशीस वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें, जीव अनेकदां वांचला, आणि शेवटीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले व त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. पंचवीसएक वर्षांनीं चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं सगळें लिहून काढलें, आणि १९०७ सालीं तें "माझा प्रवास" या नांवानें छापून निघालें. ज्या धामधुमीनें आमच्या सोबत्यांच्या पूर्वजांस दक्षिणेकडे लोटलें, त्याच धामधुमींत हा कोंकणांतला ब्राह्मण उत्तरेकडे चालला होता. एखाद्या धर्मशाळेच्या ओसरीवर त्यांची गांठ पडलीही असेल. दोघांच्याही डोक्यावर ओझें आणि मनांत भाकरीची विवंचना.

गोडसे यांच्या काळीं प्रवासाच्या गप्पांसही एक रीत होती. काशीहून परतलेल्या माणसानें मावंदें घालावयाचें. गंगेच्या गडव्याची पूजा करावयाची आणि शेजारपाजाऱ्यांस जेवूं घालावयाचें. जे गेले नव्हते तेही त्या दिवशीं काशीचे थोडे वांटेकरी होत. लोक प्रश्न विचारीत, यात्रेकरू सांगे, आणि पुढें निघणारास त्यांतून वाटेची माहिती मिळे. कोठें पाणी, कोठें चोर, कोठें धर्मशाळा. गप्पा हाच त्या वेळचा नकाशा होता. आमच्या वर्गांत खोबऱ्याच्या वड्या, पेठा किंवा काजू वांटले जातात ती त्याच रीतीची बारीकशी आठवण असावी, असें आमचें मत आहे. मोबाईलवर काढलेलीं छायाचित्रें दाखविणाराकडून मात्र कधीं कधीं उलट होतें. चित्रें भराभर सरकतात, प्रश्न विचारावयास उसंत मिळत नाहीं, आणि ज्यानें तीन दिवसांत चारशें चित्रें काढलीं त्यास "तेथें पाणी कोठून येतें?" असें विचारलें असतां सांगतां येत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेहून परतल्यावर १८८९ सालीं तेथल्या लोकस्थितीवर मराठींत पुस्तक लिहिलें. त्यांच्याजवळ दाखवावयास फारसें कांहीं नसेल, परंतु शाळा कशा चालतात, बायका कोणते धंदे करतात, सभा कशा भरतात हें त्यांनीं विचारून, पाहून लिहिलें. विचारणारा प्रवासी आणि विचारणारा श्रोता हे दोघेही असले म्हणजे गप्पांस रंग भरतो.

आतां "कोठें नाहीं" म्हणणारा. तो सुटीभर खरोखरच स्वस्थ बसलेला असतो असें नाहीं. बापाच्या कारखान्यांत कांड्या भरीत असतो, गोदामांत माल मोजीत असतो, किंवा आई कामावर जाते म्हणून धाकट्या बहिणीस सांभाळीत असतो. कित्येकांचें गांव आहे, पण पांच माणसांचें जाण्यायेण्याचें भाडें नाहीं. कित्येकांचें गांवांतलें घरच उरलें नाहीं. इतर बोलत असतां तो चेंडू घेऊन मैदानांत निघून जातो, आणि आम्ही सगळे आपल्याच रंगांत असल्यामुळें तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्यांतल्या एकाच्या तें लक्षांत आलें. त्यानें त्यास धरून बसविलें आणि विचारलें, "बरें, आम्ही नव्हतों तेव्हां भिवंडींत काय झालें तें सांग." तो प्रथम म्हणाला, "कांहीं नाहीं रे." मग सांगूं लागला, आणि घंटा होईपर्यंत सांगत राहिला. मे महिन्यांत निम्मे माग बंद असतात तेव्हां रात्रीं गल्लींत किती शांतता असते, इतकी कीं लहान मुलांस झोंप येत नाहीं. ओहोटीच्या वेळीं कामवारीच्या पात्रांत काय काय उघडें पडतें. बहिणीस घेऊन तो एका दिवशीं वज्रेश्वरीस गेला तेव्हां अकलोलीच्या कुंडांतल्या पाण्यानें तिचा पाय कसा पोळला.

त्या कुंडांविषयीं येथें थोडें अधिक लिहितों, कारण माथेरानास जाऊन आलेल्या पुष्कळांनीं तीं पाहिलेलीं नाहींत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हीं स्थळें आमच्याच तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं आहेत. वज्रेश्वरीचें सध्याचें देऊळ चिमाजी अप्पांचें; वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असा त्यांचा नवस, आणि १७३९ सालीं वसई मिळाल्यावर तो फेडला गेला. पाणी ऊन कां, याचें कारण ज्वालामुखी असें कित्येक सांगतात, तें बरोबर नाहीं. आपल्याकडचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचाच झाला खरा, परंतु तो रस सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं निघाला आणि केव्हांच थंड झाला. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतें; जमिनींत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते; तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें. अशा भेगांची एक ओळच कोंकणांतून दक्षिणेकडे गेली आहे, म्हणून वज्रेश्वरीपासून थेट राजापुरापर्यंत जागोजाग उन्हाळीं आढळतात. लोनाड येथें, तेंही आमच्याच तालुक्यांत, शिलाहारांच्या काळचें शिवालय आणि त्याहून जुनें लेणें आहे. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे, आणि तें नेणारे अजस्र नळ आमच्या तालुक्याच्या शेतांमधून गेलेले आहेत. मुंबईचा पाहुणा प्रथमच आला कीं या नळांवर चढून छायाचित्र काढावयास मागतो. आम्हांस त्यांत पाहण्याजोगें कांहीं आहे असें वाटत नाहीं.

जाण्यायेण्याच्या गप्पा एके वर्षीं मात्र कोणीच मारल्या नाहींत. १८५७ सारखीच २०२० ची आठवण आमच्या शहरास दीर्घकाळ राहील. मार्च महिन्याच्या अखेरीस करोनाच्या सांथीमुळें सगळा देश बंद झाला, माग थांबले, आठवड्याची मजुरी थांबली. एप्रिलच्या उन्हांत मुंबई-आग्रा रस्त्यानें माणसें डोक्यावर बोचकीं आणि खांद्यावर मुलें घेऊन नाशिकच्या दिशेनें चालूं लागलीं. हा रस्ता आमच्या शहराजवळूनच जातो. मेच्या आरंभीं भिवंडी रोड स्टेशनावरून मजुरांस घेऊन गोरखपुरास विशेष गाडी सुटली. ज्या स्टेशनास एरवीं लांबच्या प्रवासासाठीं आम्ही फारसें विचारीत नाहीं, तेथें त्या रात्रीं दूर दूर अंतर ठेवून माणसें रांगेंत उभीं होतीं. आमच्यापैकीं एकजण त्या दिवसांत वडिलांबरोबर मुलुकास गेला. शाळा पुनः भरली तेव्हां त्यास कोणी विचारलें नाहीं आणि त्यानें सांगितलें नाहीं. यंदा, इतक्या वर्षांनीं, नद्यांचें तें पान आम्ही पाहत असतां तो एकदम म्हणाला, "नर्मदेच्या पुलावर गाडी तीन तास उभी होती. मी तेवढी एकच नदी पाहिली." आम्हीं त्याच्या सोबत्याची वही घेऊन त्यांत नर्मदेपुढें त्याचेंही नांव लिहिलें.

एक शेवटची हकीकत सांगावयाची राहिली. सुटी जशी आमच्यांतल्यांस बाहेर नेते तशी ती बाहेरच्यांस भिवंडींत आणतेही. दिवाळींत आणि उन्हाळ्यांत मऊचीं, करीमनगरचीं, खेड-चिपळुणाचीं चुलत-मामे भावंडें येथें येतात, आणि त्यांच्या दृष्टीनें आम्ही राहतों तें सुटीचें ठिकाण असतें. त्यांस समुद्र पाहावयाचा असतो, म्हणून मुंबईस नेऊन आणतात. परंतु परत गेल्यावर तीं काय सांगतात हें आमच्या एका सोबत्यानें आपल्या मावसभावास फोनवर मुद्दाम विचारलें. त्यानें चौपाटीचें नांव काढलें नाहीं. रस्त्याच्या दोहों बाजूंस उभीं असलेलीं मैलभर लांब गोदामें, त्यांच्या दारांत साऱ्या हिंदुस्थानच्या नंबरपट्ट्या लावून उभे राहिलेले ट्रक, खाडीवरून येणारा खारा वारा, आणि सात जूनच्या सुमारास अंगणांत उभें राहून घेतलेला पहिला पाऊस, जो त्याच्या गांवीं पोंचावयास अजून पंधरा दिवस होते. एवढें त्यानें तिकडे आपल्या वर्गांत सांगितलें होतें, आणि वर्गांतल्या मुलांनीं त्यास विचारलें होतें कीं, तिकडचा पाऊस खारट लागतो काय.